त्या सकाळी ऑपरेशन झालं नाही

"सुमनताई, रिपोर्ट कॅन्सरचा आला आहे," डॉक्टर म्हणाले, आणि मी त्यांना विचारलं, "कुणाचा?"

मला खरंच कळलं नव्हतं. मी हट्टा गावची आशा कार्यकर्ती. गावातल्या बायांना घेऊन वसमतला, नांदेडला दवाखान्यात येणं हे माझं नेहमीचं काम. डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत पेशंट बसते आणि मी तिच्या मागं पिशवी धरून उभी असते. त्या दिवशी खुर्चीत मी होते आणि पिशवी माझ्या मालकांच्या हातात होती. तरी माझी मान मागं वळली, पेशंट कुठं आहे ते बघायला.

"तुमचाच," डॉक्टर म्हणाले. "जिभेचा आहे. ऑपरेशन करावं लागेल, आणि लवकर."

त्यापुढचं मला आठवत नाही. टेबलावर दातांचा आणि जिभेचा एक प्लास्टिकचा नमुना होता. त्या जिभेवर कुणीतरी पेनाचं टोपण ठेवलं होतं. मी तेवढंच बघत राहिले. दवाखान्यातून निघून रिक्षात बसलो तेव्हा यांनी विचारलं, "डॉक्टर काय काय म्हणले, तुला समजलं ना?" कारण घरात दवाखान्याचं सगळं मलाच समजतं. मी म्हटलं, "मला काहीच समजलं न्हाई."

सुरुवात अगदी साधी होती. जिभेच्या डाव्या कडेला एक छाला आला, तोंड आल्यावर येतो तसा फोड. त्याच बाजूची खालची दाढ तुटलेली होती, तिचं टोक जिभेला लागायचं. मला वाटलं, दाढ घासते म्हणून झालं असेल. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या घेतल्या, तूप लावलं, तिखट बंद केलं. छाला बरा होईना. मग एक दिवस भाकरी चावताना कळ थेट कानापर्यंत गेली.

सर्वेक्षणाच्या वेळी मी घरोघर जाऊन लोकांना तोंड उघडायला लावते, बॅटरी मारून आत बघते. माझ्या तोंडात मात्र मी बघितलंच नव्हतं. त्या दिवशी यांच्या मोबाईलची बॅटरी लावून आरशात पाहिलं. छाल्याच्या कडा पांढऱ्या होत्या. बोट लावलं तर कडक लागलं. दुसऱ्या कुणाच्या तोंडात असं दिसलं असतं तर मी तिला दुसऱ्याच दिवशी गाडीत बसवलं असतं. मीही दुसऱ्या दिवशीच निघाले. बायोप्सी झाली, म्हणजे जागा बधिर करून तिथला छोटा तुकडा काढला आणि तपासायला पाठवला. त्याचाच हा रिपोर्ट.

मी तंबाखू खात नाही. मिसरी लावत नाही. सुपारीसुद्धा नाही. पुढच्या भेटीत मी डॉक्टरांना हेच परत परत सांगत होते, जणू रिपोर्ट बदलेल. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तंबाखू हे सगळ्यात मोठं कारण आहे, पण एकमेव नाही. टोचणारी दाढ कधी निमित्त होते, कधी काहीच सापडत नाही. तुम्ही कारण शोधत बसू नका."

गावात लोकांनी कारण शोधून ठेवलं होतं. नळावर एक बाई दुसरीला म्हणाली, "आपल्याला मिसरी सोडा म्हन्ती, अन् सोता चोरून लावत असल." मी चार पावलांवर होते. घागर तशीच ठेवून घरी आले आणि दार लावून घेतलं. ज्या गावात माझ्याशिवाय एक बाळंतपण होत नाही, तिथं मी कितीतरी दिवस उंबऱ्याबाहेर पडले नाही.

एमआरआय झाला. त्या बोगद्यासारख्या मशीनमध्ये आडवं झाल्यावर जिभेचे आणि मानेचे आतले फोटो निघतात. मग डॉक्टरांनी कागदावर जीभ काढून ऑपरेशन समजावलं. जिभेचा डावा भाग काढायचा. मानेतल्या गाठी काढायच्या, त्याला ते नेक डिसेक्शन म्हणतात, कारण हा आजार पहिल्यांदा तिकडं पसरतो. डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूची कातडी रक्तवाहिनीसकट घेऊन जिभेची जागा भरायची, तिचं नाव फ्लॅप. नाकातून पोटात अन्नासाठी नळी. आणि तोंडाला सूज येणार, म्हणून श्वासासाठी गळ्याला तात्पुरतं छिद्र, म्हणजे ट्रेकिओस्टॉमी.

सगळं ऐकून यांनी विचारलं, "बोलता येईल ना?"

"येईल," डॉक्टर म्हणाले. "पण आधीसारखं नाही."

तिथून पुढं माझं शरीर माझं राहिलं नाही. हातपाय गार पडायचे. कुकरची शिट्टी झाली तरी छाती धडधडायची. दिवसातून चार-पाच वेळा पोट बिघडायचं. भेटायला येणारा प्रत्येक माणूस सांगायचा, घाबरू नका, सगळं चांगलं होतंय. मी मान हलवायची. दहावीतली लेक माझ्याकडं बघायची आणि पुस्तकात तोंड घालायची. मला वाटायचं मी कुणाचं तरी नाटक बघून राहिले आहे, त्यात माझ्यासारखी एक बाई आहे.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मला हिरवे कपडे घातले. बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र काढून यांच्या हातात दिलं. आत सगळं गार होतं. डोक्यावर मोठा दिवा, छातीला तारा, दंडाला बीपीचा पट्टा. पट्टा फुगला, सैल झाला. भूल देणाऱ्या मॅडमनी आकडा बघितला, दुसऱ्या हाताला पट्टा लावला, थोडं थांबून पुन्हा मोजलं. वरचा आकडा दोनशेला टेकला होता.

मॅडम सर्जनशी हळू आवाजात बोलल्या. मग माझ्याजवळ आल्या. "सुमनताई, आज नको. इतक्या बीपीवर भूल देणं धोक्याचं आहे."

मला बाहेर आणलं तेव्हा हे बाकावर बसले होते. दचकून उठले. "इतक्या लवकर कसं झालं?"

"झालंच न्हाई."

"काहून?"

"बीपी लई वाढलं."

ते परत बाकावर टेकले. मग म्हणाले, "मी सकाळपासून पाणी न्हाई पेलो, सुमन." आणि भिंतीकडं तोंड करून रडायला लागले. लग्नाला अठरा वर्षं झाली, मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. मला आधी सुटल्यासारखं वाटलं होतं, ते त्या क्षणी गेलं. आजार तोंडात तसाच होता आणि मी स्वतःच्याच भीतीनं त्याला आणखी वेळ दिला होता.

दुपारी त्या मॅडम वॉर्डात आल्या, स्टूल ओढून बसल्या. मला वाटलं रागावतील.

"घाबरू नका असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "मला फक्त सांगा, नेमकी कशाची भीती वाटते? ऑपरेशनची असं सांगू नका. त्यातली एक गोष्ट सांगा."

मी म्हटलं, लेकीची. मग माझ्या तोंडून निघालं, "मला जाग येईल, मी आवाज देईन, अन् कुणालाच ऐकू जाणार न्हाई."

"मरणाची?"

"ती बी हाय. पर ह्याच्यापेक्षा कमी."

मला वाटलं त्या म्हणतील, असं काही होत नाही. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. आवाज निघणारच नाही. गळ्यातल्या नळीतून श्वास चालतो तेव्हा हवा आवाजाच्या जागेपर्यंत जात नाही. तर मग हाक कशी मारायची, ते आजच ठरवू."

इतक्या दिवसांत इतकं सरळ माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. वाईट तेच ऐकलं होतं, तरी छातीवरचं काहीतरी हललं.

त्यांनी मला अतिदक्षता विभागात नेलं. ऑपरेशननंतर जिथं ठेवतात तो पलंग दाखवला. सिस्टरांचं टेबल तिथून किती जवळ आहे ते दाखवलं. मशीनचे आवाज ऐकवले, कोणता आवाज रोजचा आणि कोणत्या आवाजाला सिस्टर पळत येतात तेही सांगितलं. डावा हात बांधलेला असणार, म्हणून उजव्या हातात स्टीलचा चमचा द्यायचं ठरलं. पलंगाच्या दांडीवर एकदा वाजवला तर इकडं या. दोनदा म्हणजे गळ्यात कफ अडकलाय. तीनदा म्हणजे दुखतंय. सिस्टर पाठ करून उभ्या राहिल्या आणि मी वाजवून बघितलं. शेजारचे पेशंट बघायला लागले तशी मला लाज वाटली आणि हसूही आलं.

संध्याकाळच्या चहाच्या वेळी एक बाई माझ्या पलंगावर येऊन बसली. सेनगावकडच्या एका तांड्यावरची, शांताबाई. तिचं गालाचं ऑपरेशन होऊन काही दिवस झाले होते. अर्धा चेहरा सुजलेला, हनुवटीपासून कानापर्यंत टाके, गळ्यात नळी. तिनं नळीच्या तोंडावर बोट ठेवलं आणि काहीतरी बोलली. मला कळलं नाही. ती पुन्हा बोलली.

"बाई, परत आलीस व्हय?"

मी मान हलवली.

"मी बी भ्याले व्हते. मला दोघांनी धरून नेलं." ती थांबली, श्वास घेतला, पुन्हा बोट ठेवलं. "पयले काही दिस लई तकलीफ. खोटं काहून सांगू."

मग तिनं माझ्या तांब्यातलं पाणी वाटीत घेतलं, आणि चमच्यानं एक घोट घेऊन दाखवला. मान खाली घालून, सावकाश. थोडं ओठातून सांडलं. तिनं पदरानं पुसलं आणि वाटी माझ्यासमोर धरली, बघ, गेलं म्हणून. त्या चेहऱ्याकडं बघून मला आतून हादरल्यासारखं झालं होतं, हे मी लपवणार नाही. पण माझ्यासाठी पाणी पिऊन दाखवणारी ती पहिलीच होती.

दुसरी तारीख मिळाली. मध्ये बीपीची गोळी सुरू झाली, आदल्या संध्याकाळी झोपेची दिली. या वेळी हे दारापर्यंत आले. मॅडम माझा खांदा धरून प्रत्येक गोष्ट आधी सांगत होत्या, आता पट्टा फुगेल, आता हातात गार औषध जाईल. भीती गेली नव्हती. आकडा मात्र चालण्यासारखा होता.

जाग आली तेव्हा छत दिसलं. मी "अहो" म्हणाले. काहीच निघालं नाही. कळत असूनही माझा जीव उडाला. पुन्हा ओरडले, पुन्हा काहीच नाही. मग उजव्या हाताला चमचा लागला. दांडीवर एकदा वाजवला. सिस्टरांचा चेहरा लगेच वर आला. "इथंच आहे मी, सुमनताई."

दुपारी यांना आत सोडलं. ते आले, माझ्याकडं बघितलं, आणि पुढच्या पलंगाकडं निघून गेले. तिथं बघितलं, त्याच्या पुढं गेले. त्यांनी मला ओळखलंच नव्हतं. मी चमचा वाजवला, वाजवतच राहिले. ते वळले. पलंगाशी येऊन त्यांनी माझा उजवा हात धरला, आणि चेहऱ्याकडं न बघता म्हणाले, "हात तर तुझाच हाय."

पुढचं सांगायला सोपं आहे, भोगायला नव्हतं. रिपोर्टमध्ये काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ आल्या, म्हणजे जिभेत आजार उरला नव्हता, मानेतली एक गाठ मात्र आजाराची निघाली, म्हणून रेडिएशन घ्यावं लागलं. त्यात चव गेली, थुंकी आटली, गळ्याची कातडी करपली. नळ्या एकेक करून निघाल्या. स्पीच थेरपिस्ट, म्हणजे बोलणं पुन्हा शिकवणाऱ्या ताई, माझ्याकडून अक्षरं घोटून घ्यायच्या. जीभ वर वळवून काढायची अक्षरं सगळ्यात अवघड. ट निघेना. माझ्याच गावाचं नाव मला कितीतरी दिवस नीट घेता आलं नाही.

आता मी परत घरोघर जाते. काही बाया माझं बोलणं ऐकून डोळ्याला पदर लावतात, काही लेकरं हसतात. नळावरच्या त्या बाईनं मागच्या महिन्यात स्वतःहून तोंड उघडून दाखवलं. तिच्या तोंडात काही नव्हतं. मी तसं सांगितलं आणि पुढच्या घरी गेले.

ज्यांच्या हातात असाच रिपोर्ट आहे, त्यांना मी एवढंच सांगेन. भीती मनातच राहते असं नाही, ती शरीरात उतरते, आणि डॉक्टरांना ती सांगायची असते, दुखणं सांगतो तशीच. नेमकी कशाची ते शोधून सांगा. जिथं तुम्हाला ठेवणार आहेत ती जागा आधी बघायला मागा. हे ऑपरेशन झालेल्या एखाद्या माणसाला भेटा, त्याच्या चेहऱ्याचा धक्का बसला तरी भेटा. आणि तोंडातला छाला दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही तर वाट बघू नका, तुम्ही तंबाखू खात असा की नसा. त्या मॅडमचे, सिस्टरांचे उपकार माझ्याकडून फिटायचे नाहीत. पुढच्या तपासणीला जाताना मी आजही घाबरते, आणि दारातच सांगून टाकते.

शांताबाईचा आणि माझा फोन चालू असतो. तिचा जबडा पूर्ण उघडत नाही, माझी जीभ अर्धी वळते. परवा आम्ही फोन स्पीकरवर टाकून बोलत होतो, हे बाजेवर बसून ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "काय बोलून राहिल्या तुमी दोघी? मला तर एक शब्द कळंना."

"सगळं कळलं मला," मी म्हटलं.

"काय म्हणली मग?"

"तिनं काल भाकर खाल्ली. दुधात भिजवून न्हाई. भाजीसंगं."