झोपाळ्यावरची स्पेलिंगं

आमच्या शकूला बसल्या जागी एकही स्पेलिंग येत नसे, आणि याला सर्वस्वी तिची आई, म्हणजे मीच, जबाबदार होते.

आम्ही डोंबिवलीला राहायला आलो तेव्हाची गोष्ट. शकू नुकतीच इंग्रजी पहिलीत (म्हणजे आताच्या पाचवीत) गेलेली. माझं शिक्षण मराठी चौथी! पण फोडण्या देता देता ह्यांच्या जुन्या पुस्तकांतून मी इंग्रजी शिकले होते. म्हटलं, "शकूला मीच शिकवणार."

हे हसले. "शाळेत इन्स्पेक्टर येतायत महिनाअखेर. त्यांच्यापुढे चुकली, तर शिकवणी मास्तरांकडे. कबूल?"

"कबूल!"

आता कार्टी पाटावर पाच मिनिटं टिकेल तर शपथ! मग मी तिला ओटीवरच्या झोपाळ्यावर घेतली. पुढे गेला की 'टी', मागे आला की 'ए', पुन्हा पुढे 'बी'... टेबल पाठ! शेजारच्या कुसुम आणि बेबीही येऊन बसल्या. शब्द लांब तसा झोका मोठा. 'एलिफंट'ला तर पोरींचे पाय तुळईला लागायचे!

"अगं सूनबाई," सासूबाई आतून ओरडायच्या, "कडी निसटली तर पोरी थेट पलीकडच्या कोपर गावात जाऊन पडतील!"

इन्स्पेक्टर आले त्या दिवशी मी वर्गाच्या खिडकीबाहेर हजर. (राहवतंय कुठे!) साहेबांनी विचारलं, "टेबल?"

शकू खांबासारखी ताठ. ओठ शिवलेले. गेली माझी शिकवणी मास्तरांच्या घशात! न राहवून मी खिडकीतूनच पुढेमागे झुलायला लागले.

शकूचे डोळे चमकले. तीही झुलली. "टी!" पुढे. "ए!" मागे. तिच्या बाकावर कुसुम आणि बेबी, त्याही झुलायला लागल्या. मागच्या बाकाला वाटलं, नवीन कवायत आहे. झाला की अख्खा वर्ग सुरू!

साहेब दोन पावलं मागे सरले. "बाई, ह्यांच्या अंगात येतंय का?"

"नाही हो साहेब," वर्गाच्या बाई घाबरून म्हणाल्या, "स्पेलिंग येतंय!"

साहेबांना चेव आला. "एलिफंट?"

व्हायचं तेच झालं. शेवटच्या 'टी'ला बाक उलटा, दौत साहेबांच्या धोतरावर, आणि जमिनीवरून तीन पोरींचा एकसुरी आवाज, "एलिफंट!"

"सगळं बरोबर!" धोतर झटकत साहेब म्हणाले. "पण हे शिकवलं कोणी?"

सगळी बोटं खिडकीकडे! मला आत बोलावून खुर्चीवर बसवलं. "सांगा बाई, तुम्हीही एक. अगदी सोपं. कॅट."

खुर्ची जड सागवानी. तसूभर हलेना. डोळ्यांपुढे मांजर आलं, शेपटीसकट आलं, पण अक्षर एक येईना! पोरी तोंडात वेण्यांची टोकं कोंबून हसतायत, आणि मी घामाघूम.

संध्याकाळी ह्यांना ऐटीत सांगितलं, "तिन्ही पोरी पास! शिकवणी माझीच!"

"वा! म्हणजे नापास कोणीच नाही?"

मी घाईघाईने विषय बदलणार, तोच शकू म्हणाली, "एकच झाली, बाबा. पण ती आपल्याच घरातली आहे!"