अठरा आणि एकोणीस

तंजावर चंद्रमौळी वेंकोबा राव यांचा जन्म १९०९ साली कावेरीकाठच्या तिरुवैयारु येथे झाला आणि १९७७ साली मद्रासेत, तिरुवल्लिकेणीतील भाड्याच्या घरात, त्यांचे देहावसान झाले. मधल्या अडुसष्ट वर्षांपैकी छत्तीस वर्षे त्यांनी रेल्वेच्या आरक्षण-कचेरीत काढली. गाडी सुटण्याआधी डब्यावर प्रवाशांच्या नावांचा जो तक्ता चिकटवतात, तो चार्ट तयार करणे हे त्यांचे काम. त्यात त्यांचे दोन नेम होते. पहिला असा की एका कुटुंबाला एकापाठोपाठचेच क्रमांक द्यायचे; आकडा लागून आला की माणूस लागून आला. दुसरा असा की चार्ट एकदा लागला म्हणजे त्यात फेरफार नाही. बाळंतीण असो की वकील असो, खिडकीशी येऊन कोणी कितीही गयावया केली तरी आतून एकच उत्तर येई, "चार्ट लागला. आता ब्रह्मदेव आला तरी बदल नाही."

असा हा माणूस १९६१ च्या उन्हाळ्यात आपल्याच दोन्ही नेमांच्या कचाट्यात सापडला.

त्यांचे वडील वेंकोबा राव तेव्हा एकोणऐंशी वर्षांचे होते. तीन वर्षांपूर्वी पत्नी वारल्यापासून ते मनाने मागे मागे सरकत चालले होते. मद्रास पुसली गेली, मुलाची नोकरी पुसली गेली, शेवटी मुलगाही पुसला गेला. राहिले ते तिरुवैयारु आणि पहाटेचे कावेरीस्नान. रोज पहाटे चारच्या सुमारास ते उठत, पितळी तांब्या घेत आणि पाण्याच्या दिशेने चालू लागत. तिरुवल्लिकेणीहून त्या दिशेला समुद्र. दोनदा मरीनाच्या कोळ्यांनी त्यांना कमरेइतक्या पाण्यातून ओढून घरी आणले होते.

चंद्रमौळी रावांनी अडवले की ते खवळत. ऐकत ते फक्त सुनेचे. सीतालक्ष्मी भिंतीपलीकडून नुसते म्हणे, "मामंजी, अजून तांबडं फुटलं नाही," की म्हातारा निमूट आडवा होई. ती समोर आली तर मात्र ओळखत नसत. भिंतीआडचा आवाज तेवढा त्यांना आपल्या आईचा वाटे. म्हणून घरात सुनेची खोली सासऱ्याच्या खोलीला लागून, आणि मधली भिंत हीच त्या घराची खरी कडी होती.

थोरली मुलगी चारुलता दीड वर्षापूर्वी लग्न होऊन अंदमानात, पोर्ट ब्लेअरला गेली होती. जावई जंगल खात्यात. मे महिन्यात धाकट्या कनकाची शाळा बंद झाली, चंद्रमौळी रावांची रजा मंजूर झाली, आणि सहकुटुंब जायचे ठरले. वडिलांना मागे ठेवण्यासारखे घर कोठेच नव्हते. आगबोटीचा प्रवास तीन रात्रींचा. केबिनी दोन माणसांच्या. एकीत बापलेक, दुसरीत मायलेकी, आणि मधे एक भिंत. एवढे जमले म्हणजे झाले.

बीच रोडवरच्या आगबोट-एजंटाच्या कचेरीत विद्याधर करमरकर नावाचे तरुण कारकून बसत. रत्नागिरीहून येऊन त्यांना वर्षही झाले नव्हते.

"मज दोन केबिनी होणा," चंद्रमौळी राव म्हणाले. "लागून."

करमरकरांचा चेहरा उजळला. "'होणा', म्हणजे हव्यात! वा! राव, तुमचं मराठी ऐकलं की आमच्या आजीची पोथी उघडल्यासारखं वाटतं."

ते कौतुकच होते. पण तंजावरी माणसाला या एका कौतुकाची चीड असते.

"पोथी आम्ही जपली म्हणून उघडायला मिळते," राव म्हणाले. "तुमच्याकडे तर अर्धे इंग्रजी बोलतात."

"अर्धं कसलं, पाऊण," करमरकर हसून म्हणाले आणि त्यांनी वही ओढली. "अठरा आणि वीस देतो. मधोमध आहेत, बोट कमी हलेल."

"अठरा आणि वीस? आणि एकोणीस कोणास?"

"तो पलीकडे येतो. हा नकाशा बघा—"

"नकाशा नको. तीस वर्षे मी माणसे बसवतो आहे. अठरा-वीस दिले म्हणजे मधे परका आला. आमच्या कचेरीत नवशिका उमेदवारसुद्धा ही चूक करणार नाही."

"राव, ही आगगाडी नव्हे. बोटीत आकडे—"

"आकडे मला शिकवू नका. अठरा आणि एकोणीस. लिहा."

मागे रांग खोळंबली होती. करमरकरांचे हसू मावळले. "लिहितो. पण शेराही लिहितो, त्यावर तुमची सही लागेल." आणि त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिले : अठरा-वीस सुचविल्या, प्रवाशाने नाकारून अठरा-एकोणीसचा आग्रह धरला. रावांनी तारखेसह सही केली. शेरा लिहिण्याची शिस्त या पोराला आहे, एवढे त्यांनी मनात कबूल केले.

त्याच बैठकीत त्यांनी अर्जाचा शेवटचा रकाना भरला. प्रवाशांपैकी कोणी मनाने दुर्बल आहे काय? अशा प्रवाशाला बोटीवरच्या आजाऱ्यांच्या खोलीत कुलपात ठेवतात, असे त्यांनी ऐकले होते. आयुष्यात ज्यांनी कागदावर खोटे अक्षर काढले नव्हते, त्यांनी 'नाही' असे लिहिले आणि शाई वाळेपर्यंत त्यावर तळहात धरला.

बोट दुपारी सुटली. त्याआधी धक्क्यावरच्या गर्दीतून नोकराने सामान आत नेले. बापलेकांचे सामान डाव्या बोळात गेले, मायलेकींचे उजव्या. थोड्या वेळाने सोळा वर्षांची कनका धापा टाकत आली.

"अण्णा, आमच्या एका बाजूला सतरा, दुसऱ्या बाजूला एकवीस. अठरा कुठंच नाही! जेवणघराला वळसा घालून आले मी. मधे अस्की, सगळी यंत्रं आहेत यंत्रं, कानात बोलूनही ऐकू येत नाही."

जिन्यापाशी काचेत बोटीचा नकाशा लावला होता. रावांनी तो आता पाहिला. डावीकडे सगळे सम आकडे, उजवीकडे सगळे विषम. अठरा आणि वीस यांच्यामधे एक फळीची भिंत. अठरा आणि एकोणीस यांच्यामधे अख्खी बोट.

"पर्सरसाहेबांस सांगा," सीतालक्ष्मी म्हणाली. पर्सर म्हणजे प्रवाशांची व्यवस्था पाहणारा बोटीवरचा अधिकारी. "कोणीतरी बदलून देईल."

"चार्ट लागला आहे."

"तुमचा चार्ट नव्हे तो."

"कारण विचारतील. सांगितले तर अप्पांस कुलपात ठेवतील."

"मग मी तुमच्या दाराशी बोळात बसते."

"बायकांनी बोळात बसायचे? तीन रात्रींचा प्रश्न. मी पाहतो. मी त्यांचा मुलगा आहे."

"मुलगा आहात हो," सीतालक्ष्मी शांतपणे म्हणाली, "पण ते त्यांस ठाऊक असायला होणा ना?"

तिन्हीसांजेला रावांनी केबिनच्या दाराची कडी तीनदा तपासली, वडिलांना खालचा बिछाना दिला आणि स्वतः वर न चढता स्टुलावर दाराला पाठ लावून बसले.

पहाटे केव्हातरी त्यांचा डोळा लागला असावा. जाग आली ती तांब्याच्या आवाजाने. वेंकोबा राव उभे होते. खांद्यावर पंचा, हातात तांब्या, कान बोटीच्या अंगावर आपटणाऱ्या पाण्याकडे.

"पूर आलाय," ते खुशीत म्हणाले. "घाटाची पायरी बुडाली असेल. सरक."

"अप्पा, अजून वेळ आहे. निजा."

"तू कोण?"

"मी चंद्रू, अप्पा."

"चंद्रू शाळेत गेला. तू कोण? स्टेशनमास्तर काय? दार अडवून बसलाय! स्नानालाही तिकीट काढू काय?"

दुसरी कोणतीही वेळ असती तर रावांना हसू आले असते. दाराबाहेर दहा पावलांवर डेक होता, आणि डेकचा कठडा म्हाताऱ्याच्या कमरेपेक्षा उंच नव्हता. त्यांनी वडिलांचे खांदे धरले. त्या वाळक्या अंगात एवढा जोर असेल असे त्यांना वाटले नव्हते. तांब्या त्यांच्या भुवईवर बसला. एकदा कडी निघाली, त्यांनी पाठीने दार पुन्हा लोटले. "चोर! दरवडा!" म्हातारा ओरडत होता. सीतालक्ष्मीला बोलवायचे तर वडिलांना सोडून जायचे, आणि सोडले तर परत येईपर्यंत काय होईल ते उघड होते. हाक मारून उपयोग नव्हता, मधे यंत्रे होती.

एका हाताने वडिलांची कंबर धरून चंद्रमौळी रावांनी दुसऱ्या हाताने भिंत बडवली. तीन वर्षांची सवय. भिंतीपलीकडे ती असणार. ती तेथे नाही हे तिसऱ्या ठोक्याला त्यांना आठवले, तरी हात थांबेना.

"पोरुंगो," भिंतीतून एका बाईचा आवाज आला. "वर्रेन." थांबा, येते आहे.

वेंकोबा रावांचा हात हवेतच राहिला. त्यांनी भिंतीकडे पाहिले. मग तांब्या खाली ठेवून ते बिछान्याच्या काठावर, हाक मारलेल्या मुलासारखे, गप्प बसले.

वीस क्रमांकातली बाई कृष्णवेणी नावाची नर्स होती. पोर्ट ब्लेअरच्या इस्पितळात रुजू व्हायला एका मैत्रिणीबरोबर निघालेली. दारातून तिने आधी म्हाताऱ्याकडे पाहिले, मग मुलाच्या भुवईवरच्या रक्ताकडे.

"किती दिवस झाले यांना असं होऊन?" तिने तमिळमध्ये विचारले.

"तीन वर्षे." घराबाहेरच्या माणसापुढे हे शब्द प्रथमच उच्चारले गेले. मग बांध फुटल्यासारखे त्यांनी सगळे सांगितले. अठरा, वीस, एकोणीस, सुनेचा आवाज, अर्जावरचे 'नाही'.

"काल संध्याकाळी माझं दार वाजवलं असतं तर?"

"चार्ट लागला होता."

कृष्णवेणीने कपाळाला हात लावला. "अय्यो, चार्टला काय समुद्रात पडायचं होतं?"

उजाडल्यावर दोघे पर्सरकडे गेले. त्याने वही उघडली, शेरा वाचला, आणि चष्म्यावरून पाहिले.

"बरोबर केबिनी तुम्हाला देऊ केल्या होत्या."

"होय. सही माझीच आहे."

"अर्जावर मात्र प्रकृतीबद्दल काही नाही."

"ते मी खोटे लिहिले."

"मग नियमाप्रमाणे त्यांना आजाऱ्यांच्या खोलीत ठेवावे लागेल. कुलपात. आणि बोट सुटल्यावर केबिनी बदलत नाहीत, हे आपण रेल्वेवाले, आपणास मी सांगायला नको."

हे तर तीस वर्षे रावांचे स्वतःचे वाक्य होते. अखेरीस त्यांनी जे केले ते त्यांच्या खिडकीशी शेकडो माणसांनी केले होते. त्यांनी हात जोडले. "मी विनंती करतो," ते म्हणाले.

"बंद दाराला ते भितात, साहेब," कृष्णवेणी म्हणाली. "कुलूप लावाल तर डोकं आपटून घेतील. त्यांना भिंतीपलीकडे आवाज पाहिजे, एवढंच. आम्ही दोघी एकोणीसमध्ये जातो. बोट पोचेपर्यंत मी त्यांच्यावर लक्ष ठेवते, तसं लिहून घ्या. मी सरकारी नर्स आहे."

पर्सरने लाल शाईचा टाक उचलला आणि एकोणीस खोडून वीस लिहिले. राव ती खोडलेली रेघ पाहत होते. दुसऱ्याच्या वहीतली खोड त्यांना एरवी सहन होत नसे.

दुसऱ्या पहाटे वेंकोबा राव उठून बसले. "वेळ झाली का?" त्यांनी अंधाराला विचारले.

"अजून तांबडं फुटलं नाही, मामंजी," फळीपलीकडून सीतालक्ष्मी म्हणाली.

ते आडवे झाले. वरच्या बिछान्यावर चंद्रमौळी राव उजाडेपर्यंत डोळे उघडे ठेवून पडून होते.

वेंकोबा राव दोन वर्षांनी मद्रासेत, आपल्या अंथरुणात गेले. तोपर्यंत मधली भिंत तशीच राहिली.

अंदमानाहून परतल्यावर पहिल्याच सोमवारी चंद्रमौळी राव बीच रोडच्या कचेरीत गेले. अर्जावरचे खोटे उत्तर त्यांनी लेखी दुरुस्त करून दिले. तेथल्या कोणालाच त्या कागदाचे काय करावे ते कळेना. मग त्यांनी करमरकरांची चौकशी केली. ते आठवड्यापूर्वी नोकरी सोडून गेले होते, कोठे ते कोणी नीट सांगू शकले नाही. रावांनी रत्नागिरीच्या पत्त्यावर पत्र घातले. "आपण नकाशा दाखवीत होता, मी पाहिला नाही," एवढाच मुख्य मजकूर. ते पत्र महिन्याभराने परत आले.

एग्मोर स्टेशनावरच्या त्यांच्या स्वतःच्या कचेरीत मात्र फरक पडला. निवृत्त होईपर्यंत, चार्ट लागल्यावरही गाडी सुटेतो ते खिडकीशी उभे राहत आणि दोन्ही प्रवासी राजी असतील तर लाल शाईने आकडे बदलून देत. कारण कोणालाही विचारीत नसत. हाताखालचे लोक चेष्टा करीत, "ब्रह्मदेव येऊन गेला वाटतं!" त्यावर ते एवढेच म्हणत, "आला होता. वीस नंबरात उतरला होता."

त्यांच्या मागे कनकाने कागद आवरले तेव्हा ते परत आलेले पाकीट, न फोडलेले, एका स्वतंत्र फाइलीत निघाले. फाइलीवर त्यांच्या सुवाच्य अक्षरात शेरा आणि तारखेसह सही होती : श्री. करमरकर यांची क्षमा मागणे बाकी.