मी कॉफीला आवडते

नातीच्या स्पॅनिशच्या वहीत आज एक वाक्य लाल शाईने खोडलेलं दिसलं. तिला लिहायचं होतं, ‘मला कॉफी आवडते’. पण आमच्या नातबाई इंग्रजी शाळेतल्या, डोक्यात सतत ‘आय लाइक’. म्हणून ‘यो गुस्तो’ लिहून बसल्या. म्हणजे, मी कॉफीला आवडते! वर शिक्षिकेने बरोबर लिहून दिलं होतं, ‘मे गुस्ता’, म्हणजे अगदी आपल्यासारखं ‘मला आवडते’.

“आजी, असं उलटं कोण बोलतं गं?”

“आपण बोलतो, ठोंबे. आवडायचं काम कॉफीने करायचं, आपण नुसतं बसायचं.”

बोलता बोलता मला एकोणीस वर्षांची मी आठवले. काय ते ध्यान! बघण्याचा कार्यक्रम उरकल्यावर वडिलांनी विचारलं, “मुलगा आवडला ना?” ध्यान लाजून म्हणालं, “आवडला.” पाहिले होते फक्त त्याचे पॉलिश केलेले बूट. एका शब्दात अख्खा जन्म देऊन मोकळी झाले, आणि त्या शब्दात मी कुठेच नव्हते. क्रियापदसुद्धा मुलाच्याच मागे गेलं होतं. मी त्याला आवडले का, हे विचारायचं काही सुचलं नाही. आरशावर भारी विश्वास होता ना!

वहीतलं ते चुकलेलं वाक्य माझ्या मनातून जाईना. शेवटी म्हटलं, विचारून टाकू. हे समोरच पेपर वाचत होते.

“अहो, मी तुम्हाला आवडले होते का?”

नातीने वहीतून डोकं वर काढलं. यांनी सावकाश पान उलटलं.

“आमच्या वडिलांना फार आवडली होतीस,” ते म्हणाले.