बटेरांच्या शेडमधलं विष

पाली शिवारातली ती बटेरांची केस मी विसरू म्हटलं तरी विसरत नाही. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. खुल्या बाजाराचं वारं खेड्यात पोचलं होतं आणि जो तो जोडधंदा शोधत होता. एका हुशार शेतकऱ्याने पत्र्याचं शेड उभारून जपानी बटेर पाळले. तितराच्या जातकुळीतला हा मुठीएवढा पक्षी मांजरसुंब्याच्या ढाब्यांवर नवलाईने खपायचा.

एका सकाळी शेडमध्ये मेलेल्या पक्ष्यांचा खच पडला. बांधाशेजारच्या शेतकऱ्याने विष घातलं, अशी फिर्याद शेडच्या मालकाने ठाण्यात दिली. दोघांचं बांधावरून जुनं वाकडं. त्यातच एका ढाबेवाल्याने खबर दिली, की शेजाऱ्याच्या हातात एंड्रेलची, म्हणजे पिकावर मारायच्या विषारी औषधाची, बाटली पाहिली होती. मी शेजाऱ्याला उचलून ठाण्यात आणलं. गावाने तर निकालच लावला होता, हा माणूस गावात नको. त्याची बायको मागोमाग आली आणि ठाण्याच्या पायरीवर बसून राहिली.

"औषध कशाला आणलंस?" मी दरडावलं.

"कपाशीवर माराया, साहेब. निम्मी बाटली अजून घरी हाय."

"आणि पक्षी कशाने मेले?"

"मला काय ठावं? पर त्यानं उकिरड्यावर टाकलेली पाखरं माज्या कुत्र्यानं वढून आणून खाल्ली. इख असतं तर त्ये जगलं असतं का?"

सुटण्यासाठी आरोपी काय वाटेल ते सांगतो, पण कुत्र्याला खोटं बोलता येत नाही. हवालदाराला घेऊन मी त्याच्या घरी गेलो, तर कुत्रं आमच्याच अंगावर धावून आलं. हवालदाराची पँट फाटली आणि माझी खात्री पटली.

जनावरांच्या डॉक्टरांनी पंचांसमक्ष शवविच्छेदन केलं. उरलेले काही पक्षी मान पाठीवर टाकून जागच्या जागी घुमत होते. डॉक्टर म्हणाले, "ही मानमोडी. विषाणूचा रोग आहे, मूळचा कोंबड्यांचा."

फिर्यादी उसळला. "माज्या शेडात एक कोंबडी न्हाई. रोग काय उडत आला व्हय?"

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय गाव शेजाऱ्याला निर्दोष मानणार नव्हतं. मी घरातल्या माणसांना एकेक करून विचारलं. फिर्यादीची आई उत्तर देण्याआधी सारखी हात जोडत होती. माझा अनुभव असा, की पाप लपवणारा डोळे चुकवतो आणि देवाचं काही लपवणारा हात जोडतो.

"मावशी, शेडकडे कोण आलं होतं?"

"मानूस न्हाई, साहेब. देवीची कोंबडी आलती."

शेजारच्या गावात कोंबड्या पटापट मरत होत्या. रोगराई गावाबाहेर जावी म्हणून चालीप्रमाणे त्या गावाने मरीआईचा गाडा ओढून पालीच्या शिवेवर सोडला, सोबत हळदकुंकू लावलेली जिवंत कोंबडी. देवीच्या नावाचं पाखरू कोणी मारत नाही, हाकलतही नाही. म्हातारीने तिला लेकाच्या नकळत शेडमध्ये आसरा दिला आणि बटेरांचाच दाणा घातला.

"मान वाकडी करून मेली बिचारी. शेडामागं पुरली. लेकाला कसं सांगू, देवीनं आपल्या दारात जीव सोडला म्हनून?"

कोंबडी उकरून पंचनामा केला आणि नमुने पुण्याला पाठवले. अहवालात तोच रोग निघाला, विषाचा मागमूस नव्हता. गुन्हा घडलाच नसल्याचा अहवाल मी न्यायालयात पाठवला आणि सुटलेल्या माणसाला भरदिवसा चावडीवर घेऊन गेलो. सगळं गाव जमलं होतं. मी अहवाल खणखणीत आवाजात वाचला.

फिर्यादी पुढे आला. "चुकलं माजं."

शेजाऱ्याने त्याच्याकडे पाहिलं. "डाक्टर म्हनले शेडाला चुना माराया लागतो. उद्या येतो. पर बांध सोडनार न्हाई."

चावडी हसली. त्याच्या बायकोने पदर तोंडाला लावला, पण तीही हसत होती.

श्रद्धेला मी नावं ठेवत नाही, पण रोगाला शीव कळत नाही. आणि गुन्हेगार कोण हे विचारण्याआधी पोलिसाने गुन्हा घडला का, हे विचारावं. नोकरीत मी पुष्कळांना बेड्या ठोकल्या, बक्षिसंही मिळाली. पण एका माणसाला त्याचं गाव परत मिळवून दिलं, त्या दिवशी वर्दीचा जेवढा अभिमान वाटला तेवढा पुन्हा कधी वाटला नाही.