पुढची सीट

डोंगर सुरू होण्याआधी रस्त्याला फाटा फुटतो, तिथे एक म्हातारं जोडपं गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरून उभं होतं. बाईंचं बोट खिंडीच्या नागमोडी रेघेवरून फिरत होतं. आजोबांनी ते अलगद उचलून बोगद्याच्या सरळ रेघेवर ठेवलं. बाई हसल्या आणि बोट पुन्हा खिंडीवर गेलं.

आमच्यात हा वाद कधी झालाच नाही. माझ्या बायकोला, सुमनला, गाडी लागायची. घाट टळत नसेल तेव्हा ती ड्रायव्हरशेजारी पुढच्या सीटवर बसायची, काच उघडी, तोंडात आलेपाक. मी मागे. मला घाटांचं भारी वेड, पण जे पाहिले ते सगळे तिच्या अंबाड्याच्या आजूबाजूने.

मुलीकडे युरोपात आलो तो एकटाच. सुमन जाऊन वर्षही झालेलं नाही.

"बाबा, बोगद्यातून जायचं की वरून?" नेहाने विचारलं.

"वरून," मी म्हणालो. तिने पुढचं दार उघडून धरलं.

आल्प्स समोर आले. बर्फ, दरी, खाली खेळण्यातलं वाटावं असं गाव. मध्ये कुणीच नव्हतं. इतकं मोकळं बघायची मला सवय नाही. ज्याच्या आडून आयुष्यभर पाहिलं, ते बाजूला झालं की नजर ठरेनाशी होते.

एका अवघड वळणावर तोंडातून निघून गेलं, "हळू घे गं, आईला गाडी लागेल."

नेहाने गाडी हळू केली आणि माझ्या बाजूची काच थोडी उघडली.