वळणावर घसरणारा डबा

रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने आज तारेला डाग दिला आणि जळक्या राळेच्या वासासरशी मी नाशकात, कासीमचाचांच्या तांब्यापितळेच्या दुकानात जाऊन पोहोचलो. साल छत्तीस-सदतीस असेल. शाळा अर्धवट सोडून मी रत्नागिरीहून इतक्या लांब आलो होतो.

एका निवृत्त इंजिनियरसाहेबांच्या ओसरीवर हौसेनं मांडलेली, अरुंद रुळांवर धावणारी खेळण्याएवढी आगगाडी होती. तिच्यासाठी एक पितळी डबा घडवायचं काम चाचांनी माझ्यावर सोपवलं. जमला तर कामावर राहायचं, नाहीतर गावी परत.

डबा देखणा झाला, पण वळण आलं की घसरायचा. मी चाकं घासली, तळाला शिसं भरलं. तरी साहेबांसमोर तो पाचव्यांदा आडवा झाला, तेव्हा उचलून आपटावासा वाटला.

चाचांनी तो उलटा केला. चाकांच्या दोन्ही जोड्यांच्या चौकटी मी रिव्हेट ठोकून तळाला घट्ट बसवल्या होत्या.

"हा काय हंडा आहे, गळू नये म्हणून ठोकलास?"

"हलणारं काम कच्चं, असं तुम्हीच शिकवलंत, चाचा."

"ते भांड्याचं रे. याला वळायचंय. ढिलं सोड."

चरफडत मी रिव्हेट काढून सैल खिळे घातले. डबा खुळखुळत वळण पार करून गेला. साहेब खूश झाले.

"सगळं यानंच केलंय," चाचा म्हणाले.

माझं पहिलं काम खुळखुळतंय, याचीच मला त्या दिवशी चीड आली होती. चाचांनी माझी भाकरी राखली, हे कळायला वर्षं गेली, आणि तोवर ते उरले नव्हते.