वहिनींचं जोडवं

हे मी देवासमोरसुद्धा कधी पुटपुटले नाही. शाळा चौथीपर्यंतच, लिहायला वेळ लागतो — कुणाशी तरी बोलतेय असं समजून लिहिते.

वहिनी म्हणजे माझी थोरली जाऊ. निर्मळ गावात आमचं एकच घर, एकच फुलांची वाडी. माझ्या लेकीच्या हळदीला — मी विधवा ना — साऱ्या बायकांदेखत त्यांनी माझं मनगट धरून मला मागे सारलं. पोटच्या पोरीला हळद लावायची नाही मी? तेव्हा मी हसलेसुद्धा, वाटतं.

मग पुतण्याने आईवडिलांना तुर्कस्तानला नेलं. वहिनींचे गुडघे दुखतात, म्हणून सोबतीला मी. तिथे डोंगरावर रोमन लोकांचं जुनं शहर आहे, सगळं पडकं. गरम पाण्याचे झरे, पाण्यात आडवे झालेले खांब. आजारी माणसं बरी व्हायला तिथे यायची. जी बरी झाली नाहीत ती तिथेच पुरली, असं गाईडने सांगितलं. वेशीबाहेर बघावं तिकडे दगडी थडगी. मला ते शहर आवडलं — सांगू ना? मागे हो म्हणणारं तिथे कोणी नव्हतं.

विमानात वहिनींचे पाय सुजले होते. जोडवी रुतायला लागली, म्हणून पाण्यात पाय सोडण्याआधी त्यांनी ती काढून माझ्या हातात दिली.

"सांभाळ गं. तुझं काय, बोटं मोकळीच."

भाऊजी, म्हणजे वहिनींचे यजमान, शेजारी फोटो काढत होते. मी चालत थडग्यांपर्यंत गेले. एका फुटक्या झाकणाच्या फटीतून एक जोडवं आत सोडलं. खाली दगडावर वाजलं. बरं वाटलं — फार बरं वाटलं.

परत येऊन मी वहिनींना म्हणाले, तुम्ही एकच दिलंत, दुसरं पाण्यात पडलं असेल. भाऊजी पँट दुमडून शोधत राहिले.

त्याच वर्षी भाऊजी गेले. हृदय आधीच थकलेलं होतं, डॉक्टर म्हणाले. जोडव्याने कोणी मरत नाही, एवढं मलाही कळतं. वहिनींना पटत नाही.

आता सकाळी आम्ही दोघी ओटीवर बसून केळीच्या पानात विकायचा चाफा बांधतो. मधेच त्या थांबतात, आपल्या पायांकडे बघतात. "मी काढायलाच नको होती गं." रोज. माझ्या एका वाक्याने त्या सुटतील. मी पुडीला दोरा गुंडाळत राहते.

काल मात्र बोलले.

"हो वहिनी," म्हटलं, "काढायला नकोच होती."